तडजोडीत गोठलेले चुंबक

स्वीडिश रॉयल विज्ञान अकादमीने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा केली. निम्मे पारितोषिक पृथ्वीच्या हवामानाची गणिती प्रारूपे तयार करणाऱ्या स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना मिळाले. तापमानवाढीची चर्चा घरोघरी पोहोचलेली असल्याने त्यांच्या कार्याचे महत्त्व कोणाला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. उरलेले निम्मे पारितोषिक मात्र रोमच्या जॉर्जो पारिसी यांना देण्यात आले. त्यांच्या कार्याचे मूळ सोन्यात किंवा तांब्यात लोखंड अथवा मँगनीज अल्प प्रमाणात मिसळून केलेल्या मिश्रधातूंमध्ये होते. अतिशय थंड केल्यावर या मिश्रधातू चुंबक म्हणून ज्या विचित्र रीतीने वागतात, त्या वागण्याचे गणित पारिसी यांनी १९७९च्या सुमारास मांडले.

या मिश्रधातूंना 'स्पिन ग्लास' असे म्हणतात. नावात ग्लास असला तरी नेहमीच्या काचेशी त्यांचा थेट संबंध नाही. शीतकपाटात ठेवायची वा यंत्रात बसवायची एखादी वस्तू त्यांच्या या विचित्र गुणधर्मातून निर्माण झालेली नाही. तरीही गेल्या पन्नास वर्षांत या पदार्थांनी भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र या तिन्ही क्षेत्रांना कामाला लावले. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे, तिच्या पूर्वजांपैकी एक धागा याच पदार्थांपर्यंत जाऊन पोहोचतो. असे काय दडले आहे या मिश्रधातूंमध्ये?

चुंबकाची शिस्त

लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या 'स्पिन' या अंगभूत गुणधर्मामुळे त्याला हे चुंबकत्व लाभते. सोयीसाठी प्रत्येक अणूवर एक बाण काढला आहे, अशी कल्पना करावी. तापमान जास्त असते तेव्हा उष्णतेच्या धक्क्यांमुळे हे बाण वाटेल त्या दिशेला फिरत राहतात. तापमान उतरू लागले की शेजाऱ्याशेजाऱ्यांतील परस्परक्रियेचा प्रभाव वाढतो. लोखंडात ७७० अंश सेल्सिअसखाली शेजारी अणूंचे बाण एकाच दिशेला वळतात आणि लोखंड चुंबकत्व धारण करते. काही पदार्थांत याउलट घडते. तेथे प्रत्येक बाण शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करतो. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर, अशी रचना तयार होते. अशा पदार्थांना प्रतिलोहचुंबकीय म्हणतात.

या दोन्ही प्रकारांत एक समान सूत्र आहे. पदार्थ थंड केला की गोंधळ संपतो आणि शिस्त येते. एका कोपऱ्यातील बाणाची दिशा ठाऊक असेल, तर दूरच्या बाणाची दिशाही सांगता येते. मुंबईतील ट्रॉम्बे येथे १९८५ साली कार्यान्वित झालेल्या 'ध्रुव' अणुभट्टीसारख्या ठिकाणी न्यूट्रॉनांचे झोत पदार्थावर सोडून बाणांची ही रचना प्रत्यक्ष मोजता येते. न्यूट्रॉनालाही स्वतःचे चुंबकत्व असल्याने पदार्थातील बाणांची मांडणी तो टिपून आणतो.

स्पिन ग्लासमध्ये मात्र हे सूत्र मोडते. पदार्थ थंड होतो, बाण आपापल्या जागी गोठतातही, पण शिस्त येत नाही. कोणताही एक बाण पाहून दूरच्या बाणाविषयी काहीच सांगता येत नाही. गोंधळ जसाच्या तसा गोठून जातो.

पंगतीतील तीन भाऊबंद

असे का व्हावे, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे अव्यवस्था. सोन्यात एखादा टक्का लोखंड मिसळले की लोखंडाचे अणू सोन्याच्या अणूंमध्ये कोठेही, कसेही विखुरले जातात. ते एकमेकांना भिडलेले नसतात. त्यांच्यातील निरोप सोन्यातील मोकळे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोहोचवतात आणि या निरोपाचा अर्थ अंतरानुसार बदलतो. एका अंतरावरील दोन अणूंना 'एकाच दिशेला वळा' असा आदेश मिळतो, तर थोड्या अधिक अंतरावरील दोघांना 'विरुद्ध दिशांना वळा' असा. अंतरे वाटेल तशी असल्याने आदेशही वाटेल तसे असतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजीत तिला 'फ्रस्ट्रेशन' असे नाव आहे. मराठीत तिला कोंडी म्हणता येईल. ही कल्पना समजण्यासाठी एका लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेऊ. समजा, तीन भाऊबंदांचे आपसांत अजिबात पटत नाही. कोणालाही दुसऱ्या कोणाबरोबर एका पंगतीला बसायचे नाही आणि मांडवात पंगती मात्र दोनच आहेत. पहिल्याला एका पंगतीत आणि दुसऱ्याला दुसऱ्या पंगतीत बसवले, तर तिसऱ्याचे काय करायचे? त्याला कोठेही बसवले तरी एक जोडी नाराज राहणारच. यजमान कितीही चतुर असला तरी सर्वांचे समाधान करणारी मांडणी अस्तित्वातच नसते.

त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन बाण ठेवून प्रत्येकाला शेजाऱ्याच्या विरुद्ध वळण्याचा आदेश दिला, तर नेमके हेच घडते. वर आणि खाली अशा दोनच दिशा गृहीत धरल्या, तर तीन बाणांच्या एकंदर ८ मांडण्या संभवतात. त्यांपैकी ६ मांडण्या सारख्याच चांगल्या, किंवा सारख्याच अपुऱ्या असतात. निसर्गाला एकच सर्वोत्तम पर्याय उरत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ जेरार्ड तुलूझ यांनी १९७७ साली या कोंडीचा नेमका नियम मांडला. अणूंची कोणतीही बंद साखळी घ्यावी आणि तिच्यातील विरोधी नाती मोजावीत. ती विषम संख्येत असतील तर त्या साखळीत कोंडी झालीच म्हणून समजावे.

त्रिकोणातील कोंडी तीन बाणांपुरती असते. मिश्रधातूच्या लहानशा तुकड्यात मात्र असे अणू अब्जावधींच्या कैक पटींनी असतात. काही नाती जुळणारी, काही विरोधी आणि त्यांची वाटणी पूर्णपणे स्वैर. एक कोंडी सोडवायला जावे तर शेजारी दुसरी निर्माण होते. संपूर्ण पदार्थ म्हणजे तडजोडींचे एक अजस्र जाळे बनतो. अशा जाळ्यात जवळजवळ सारख्याच ऊर्जेच्या असंख्य मांडण्या असतात आणि एकीतून दुसरीत जायचे तर मध्ये ऊर्जेचे डोंगर ओलांडावे लागतात. तापमान कमी झाले की हे डोंगर ओलांडण्याचे बळ बाणांना उरत नाही. पदार्थ ज्या दरीत सापडला, त्याच दरीत अडकून पडतो.

१९७२चा तीक्ष्ण कोन

सोने आणि लोखंड यांच्या मिश्रधातूंवर संशोधन बरेच जुने आहे. मात्र व्ही. कॅनेला आणि जॉन मायडॉश यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी या विषयाला वेगळे वळण दिले. त्यांनी अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र वापरून, हा पदार्थ बाह्य चुंबकाला किती प्रतिसाद देतो, हे वेगवेगळ्या तापमानांना मोजले. तापमान उतरत गेले तसा प्रतिसाद वाढत गेला आणि एका ठरावीक तापमानाला तो अचानक घटू लागला. आलेखावर त्या ठिकाणी गोलाई नव्हती, तर तंबूच्या टोकासारखा तीक्ष्ण कोन होता. लोखंडाचे प्रमाण वाढवले की हे तापमानही वाढे. क्षेत्र थोडे जरी तीव्र केले तरी कोनाची धार बोथट होई. आधीच्या अनेक प्रयोगांत तो दिसला नाही, याचे हेही एक कारण होते.

पदार्थाचा आलेख असा एकाएकी वळतो तेव्हा सहसा अवस्थांतर घडलेले असते. पाण्याचा बर्फ होताना किंवा लोखंड चुंबकत्व धारण करताना असेच घडते. परंतु येथे पंचाईत होती. अवस्थांतर झाले असेल तर पदार्थाच्या उष्णता सामावण्याच्या क्षमतेतही त्याच तापमानाला काही खूण दिसायला हवी. तशी तीक्ष्ण खूण मिळाली नाही. त्याऐवजी थोड्या वरच्या तापमानाला एक पसरट उंचवटा आढळला. न्यूट्रॉनांच्या झोतांनाही बाणांची कोणतीही नियमित मांडणी सापडली नाही. एक मोजमाप म्हणत होते की काहीतरी निर्णायक घडले आहे, तर दुसरे म्हणत होते की काहीच घडलेले नाही.

काचेचेही असेच असते. वितळलेली काच थंड होताना तिचे रेणू स्फटिकासारखी शिस्तबद्ध रचना करत नाहीत. द्रवातील गोंधळ तसाच ठेवून ते थिजतात. या साधर्म्यामुळे ब्रायन कोल्स यांनी सुचवलेले 'स्पिन ग्लास' हे नाव या पदार्थांना चिकटले.

वय आणि स्मरण असलेला पदार्थ

स्पिन ग्लासचे सर्वांत चकित करणारे गुण पुढील काळातील प्रयोगांतून उघड झाले. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी १९८३ साली एक साधा वाटणारा प्रयोग केला. पदार्थ चुंबकीय क्षेत्राविना थंड करायचा, काही वेळ तसाच ठेवायचा आणि मग क्षीण क्षेत्र सुरू करून त्याचे चुंबकत्व कसे वाढते ते पाहायचे. सामान्य पदार्थात आधी किती वेळ वाट पाहिली, याने काहीच फरक पडत नाही. येथे मात्र पडला. जितका अधिक वेळ पदार्थ तसाच ठेवला, तितका नंतरचा त्याचा प्रतिसाद संथ झाला. म्हणजेच तापमान स्थिर असले, बाहेरून कोणी स्पर्श केला नाही, तरी पदार्थाच्या आत काहीतरी संथपणे बदलत होते. शास्त्रज्ञ या गुणाला पदार्थाचे 'वय वाढणे' असे म्हणतात. प्रयोगशाळेत तो कितीही तास ठेवला तरी हे वय वाढणे थांबत नाही. समतोल म्हणून जी अवस्था असते, तिथे तो पोहोचतच नाही.

याहून नवलाची गोष्ट १९९८ साली समोर आली. उप्साला आणि फ्रान्समधील साक्ले येथील संशोधकांनी क्रोमियमयुक्त सल्फाइडचा एक नमुना एकसारख्या गतीने थंड करत आणला. वाटेत एका तापमानाला त्यांनी काही तास मुक्काम केला आणि नंतर तापमान आणखी खाली नेले. खाली जाताच मुक्कामाचा परिणाम पुसला गेल्यासारखा वाटला, जणू पदार्थ पुन्हा तरुण झाला. पण परतीच्या प्रवासात, कोठेही न थांबता नमुना तापवला जात असताना, नेमक्या मुक्कामाच्या तापमानाला आलेखात तीच खळी पुन्हा उमटली. आपण वाटेत कोठे थांबलो होतो, हे पदार्थाने लक्षात ठेवले होते. अणूंच्या स्वैर पसाऱ्यात ही आठवण कोठे साठवली जाते, या प्रश्नाने सिद्धांतकारांना आजही व्यग्र ठेवले आहे.

उणे एंट्रॉपीचा पेच

या पदार्थांचा पहिला ठोस सिद्धांत सॅम एडवर्ड्स आणि फिलिप अँडरसन यांनी १९७५ साली मांडला. बाणांची दिशा कोणती, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक बाण वेगळ्या दिशेला आहे. त्याऐवजी, एखादा बाण आज ज्या दिशेला आहे त्याच दिशेला तो बऱ्याच काळानंतरही राहील का, असे विचारावे, ही त्यांची मूलभूत सूचना होती. गोंधळातील स्थैर्य मोजण्याचे माप त्यामुळे हाती आले.

त्याच वर्षी डेव्हिड शेरिंग्टन आणि स्कॉट कर्कपॅट्रिक यांनी आणखी सुटसुटीत प्रारूप तयार केले. त्यात प्रत्येक बाणाचे इतर प्रत्येक बाणाशी नाते असते. हे गणित सोडवता येईल, अशी अपेक्षा होती आणि त्यांनी ते सोडवलेही. मात्र उत्तरात अत्यंत कमी तापमानाला एंट्रॉपी, म्हणजे संभाव्य मांडण्यांच्या संख्येचे माप, उणे निघाले. मांडण्या कितीही कमी असल्या तरी किमान एक असतेच. एकाहून कमी मांडण्या असूच शकत नाहीत. गणितात कोठेतरी गफलत होती.

गफलतीचे मूळ एका निरुपद्रवी वाटणाऱ्या गृहीतकात होते. अव्यवस्थेची सरासरी काढण्यासाठी शास्त्रज्ञ एकाच नमुन्याच्या अनेक काल्पनिक प्रतिकृती घेत आणि त्या सर्व एकसारख्याच वागतील असे मानत. पारिसी यांनी नेमके हेच नाकारले. नमुना तोच असला, त्यातील अणूंच्या जागा त्याच असल्या, तरी थंड होताना त्याची एक प्रतिकृती एका दरीत अडकेल, तर दुसरी दुसऱ्याच दरीत. म्हणून त्या एकमेकींशी किती जुळतात, हे एका आकड्याने सांगता येणार नाही. त्यासाठी आकड्यांची संपूर्ण श्रेणी हवी. हा बदल करताच उणे एंट्रॉपीचा पेच सुटला. पुढे १९८४ साली पारिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही दाखवले की, या असंख्य दऱ्या वंशावळीसारख्या रचलेल्या असतात. काही सख्ख्या, काही चुलत, काही पार दूरच्या. वरकरणी निव्वळ गोंधळ वाटणाऱ्या पदार्थात एक अदृश्य वंशवृक्ष दडलेला होता.

पारिसी यांची रीत बरोबर उत्तर देत असली तरी गणितज्ञांच्या कसोटीला ती उतरत नव्हती. तिची कठोर सिद्धता मिळायला पाव शतक लागले. फ्रान्चेस्को ग्वेरा यांनी २००३ साली अर्धी वाट मोकळी केली आणि फ्रेंच गणितज्ञ मिशेल तालाग्राँ यांनी २००६ साली ती पूर्ण केली. तालाग्राँ यांना २०२४ साली गणितातील मानाचे आबेल पारितोषिक मिळाले, त्यामागील कार्यांत या सिद्धतेचाही समावेश होता.

वाद मिटलेला नाही

एवढे सगळे झाल्यावर प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटेल. वास्तविक तसे नाही. पारिसी यांचे उत्तर ज्या प्रारूपाला लागू होते, त्यात प्रत्येक बाण इतर प्रत्येकाशी जोडलेला आहे. खऱ्या मिश्रधातूत अणू तीन मितींच्या अवकाशात बसलेले असतात आणि जवळच्यांचा प्रभाव दूरच्यांपेक्षा अधिक असतो. डॅनियल फिशर आणि डेव्हिड ह्यूज यांनी १९८०च्या दशकात वेगळाच सिद्धांत मांडला. त्यांच्या मते खऱ्या पदार्थात असंख्य दऱ्या नाहीतच. मूळ मांडणी एक आणि तिची हुबेहूब उलटी प्रत एक, अशा दोनच आहेत. संथपणा येतो तो लहानमोठे पुंजके एकगठ्ठा उलटायला लागणाऱ्या वेळामुळे.

या दोन चित्रांतील फरक तपासण्याची एक कसोटी स्पष्ट आहे. बाह्य चुंबकीय क्षेत्र लावल्यावरही गोठण्याचे अवस्थांतर टिकते का? पारिसी यांच्या चित्रात टिकते, फिशर आणि ह्यूज यांच्या चित्रात टिकत नाही. प्रयोगात हे ठरवणे कठीण आहे, कारण पदार्थ समतोलाला पोहोचतच नाही. संगणकावर ठरवणेही कठीण आहे. स्पेन आणि इटलीतील संशोधकांनी केवळ याच कामासाठी 'जानस' नावाचा खास संगणक बनवला आणि २००८पासून तो वापरात आणला. त्याच्या निष्कर्षांनी पारिसी यांच्या चित्राला बळ दिले असले, तरी तीन मितींच्या पदार्थाबाबत सर्वमान्य निकाल लागलेला नाही.

गोंधळ नसतानाही कोंडी

कोंडीसाठी अव्यवस्था आवश्यकच असते, असे नाही. स्फटिकाची रचना अगदी नियमित असली तरी भूमितीच कोंडी करू शकते. होल्मियम किंवा डिस्प्रोसियम या धातूंच्या टायटॅनेट संयुगांत चुंबकीय अणू चतुष्फलकाच्या चार टोकांवर बसलेले असतात. तेथील नियम असा की, दोन बाणांनी आत तोंड करावे आणि दोघांनी बाहेर. साध्या बर्फातही ऑक्सिजनभोवती दोन हायड्रोजन जवळ आणि दोन दूर असतात. लायनस पॉलिंग यांनी १९३५ साली त्यावरून बर्फात उरणाऱ्या एंट्रॉपीचे गणित केले होते. या साम्यामुळे १९९७ साली या पदार्थांना 'स्पिन आइस' म्हणजे स्पिनचा बर्फ असे नाव मिळाले आणि १९९९च्या मोजमापांत उरलेली एंट्रॉपी पॉलिंग यांच्या आकड्याशी जुळली. नियम मोडून एखादा बाण उलटला की त्या जागी जणू सुटा उत्तर ध्रुव आणि सुटा दक्षिण ध्रुव निर्माण होतो आणि ते एकमेकांपासून दूर भटकू शकतात, असे भाकीत २००८ साली करण्यात आले. पुढील वर्षीच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली.

याच मार्गाने पुढे गेले की 'क्वांटम स्पिन द्रव' ही कल्पना येते. अँडरसन यांनी ती १९७३ साली सुचवली. अशा पदार्थात बाण शिस्तही धरत नाहीत आणि गोठतही नाहीत. निरपेक्ष शून्यापर्यंत, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसपर्यंत, ते अस्थिरच राहतात. हर्बर्टस्मिथाइट नावाचे तांबे आणि जस्तयुक्त खनिज हे यातील प्रमुख दावेदार मानले जाते. निरपेक्ष शून्यापेक्षा अंशाच्या काही शतांश एवढ्याच वर असलेल्या तापमानालाही त्यात चुंबकीय शिस्त आढळलेली नाही.

येथे जुना गोंधळ पुन्हा आडवा येतो. खरा स्फटिक कधीच निर्दोष नसतो. हर्बर्टस्मिथाइटमध्ये जस्ताच्या जागी तांब्याचे काही अणू शिरलेले असतात आणि कमी तापमानाच्या मोजमापांत त्यांचाच आवाज मोठा होतो. इटर्बियम, मॅग्नेशियम आणि गॅलियम यांच्या एका ऑक्साइडची कथा बोलकी आहे. २०१५च्या सुमारास त्यात स्पिन द्रवाची लक्षणे दिसल्याने मोठे कुतूहल निर्माण झाले. मात्र २०१८ साली त्याच्याच जस्तयुक्त भावंडाच्या प्रयोगांनी दाखवले की, ती लक्षणे अव्यवस्थेतून निर्माण झालेल्या स्पिन ग्लासचीही असू शकतात. भविष्यातील क्वांटम संगणकांसाठी स्पिन द्रवाकडे आशेने पाहिले जात असताना, समोरचा पदार्थ खरोखर द्रव आहे की नुसता अडकलेला गोंधळ, हे ओळखणे हा आता कळीचा प्रश्न बनला आहे.

मिश्रधातूपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

स्पिन ग्लासचे ऋण सर्वांत अधिक आहे ते संगणकशास्त्रावर. वर किंवा खाली एवढ्याच दिशा असलेले १०० बाण घेतले, तर त्यांच्या संभाव्य मांडण्यांची संख्या १ या आकड्यापुढे ३० शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येहूनही मोठी होते. त्यांतून सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी कशी शोधायची? फ्रान्सिस्को बराओना यांनी १९८२ साली सिद्ध केले की, तीन मितींच्या स्पिन ग्लाससाठी हा प्रश्न संगणकशास्त्रातील सर्वांत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या गटात मोडतो. फिरत्या विक्रेत्याने अनेक गावांना भेट देण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधणे, हा प्रश्नही त्याच जातकुळीचा आहे.

मग शास्त्रज्ञांनी निसर्गाचाच उपाय उसना घेतला. लोहार तापवलेला धातू हळूहळू थंड करतो, म्हणजे त्यातील ताण निघून जातो. याच धर्तीवर कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८३ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. संगणकातील उत्तराला आधी काल्पनिक उष्णता देऊन मोकळे फिरू द्यायचे आणि मग ती उष्णता सावकाश कमी करत न्यायची. असे केल्याने उत्तर पहिल्याच उथळ दरीत अडकत नाही. संगणकाच्या चिपवर हजारो घटक कोठे बसवावेत, अशा व्यावहारिक प्रश्नांसाठी ही पद्धत लगेच उपयोगी पडली.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ साली, जॉन हॉपफिल्ड यांनी मेंदूतील पेशींच्या जाळ्याचे एक प्रारूप मांडले होते. त्यातील पेशी म्हणजे वर किंवा खाली असलेले बाण आणि पेशींमधील जोडण्या म्हणजे बाणांमधील नाती. स्पिन ग्लासमध्ये असंख्य दऱ्या असणे ही अडचण होती. हॉपफिल्ड यांनी तिचाच उपयोग केला. प्रत्येक दरीत एक आठवण साठवायची. अर्धवट किंवा अस्पष्ट खूण मिळाली की जाळे घसरत जवळच्या दरीत पोहोचते आणि पूर्ण आठवण परत मिळते. या कार्याच्या पायावर जेफ्री हिंटन यांनी पुढील यंत्रे उभी केली आणि दोघांनाही २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हॉपफिल्ड यांच्या नावाशी महाराष्ट्राचाही एक दुवा आहे. सांख्यिकीय भौतिकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे बोल्ट्झमन पदक २०२२ साली त्यांना आणि प्रा. दीपक धर यांना मिळून देण्यात आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रदीर्घ काळ संशोधन करून पुढे पुण्याच्या आयसर संस्थेत गेलेले प्रा. धर हे पदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. वाळूच्या ढिगांचे गणिती प्रारूप आणि स्वैर क्षेत्रांतील चुंबकांचे वर्तन हे त्यांच्या कार्याचे विषय. अनेक साधे घटक एकत्र आल्यावर त्यांतून अनपेक्षित सामूहिक वर्तन कसे उमटते, हाच धागा तेथेही आहे.

सोन्यातील लोखंडाचे चुंबकत्व मोजून काय साधणार, असा प्रश्न १९७२ साली कोणी विचारला असता तर तो गैरलागू ठरला नसता. त्या वेळी त्याला देण्यासारखे उत्तरही कोणाजवळ नव्हते. उत्तर दहा वर्षांनी आले आणि तेही चुंबकाच्या क्षेत्रातून नव्हे, तर संगणक आणि मेंदू यांच्या अभ्यासातून. मूलभूत संशोधनाला निधी देताना उपयोगाची हमी मागण्याचा आग्रह दिवसेंदिवस वाढत असल्याने हा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या मिश्रधातूपासून हा प्रवास सुरू झाला, तिच्या प्रत्यक्ष अंतरंगात असंख्य दऱ्या आहेत की दोनच, याचा निर्णय मात्र पन्नास वर्षे उलटल्यानंतरही व्हायचाच आहे.